मवाबी सून आणि आमचा नाताळ

शास्त्रपाठ : रूथ १:१-२२ व ४:१३-१७, नहेम्या १३:२३-२७, रोमकरांस पत्र १४:१-९

आगमनकाळ सुरू झाला की शब्बाथशाळेच्या शिक्षकांना पाठ शोधत बसावे लागत नाही. जखऱ्या, मरीया, मेंढपाळ, मागी लोक ही क्रमवारी ठरलेली असते. ह्या वर्षी मात्र बेथलेहेमातल्याच, पण दाविदाच्या पणजोबांच्या काळातल्या एका घरात डोकवावे असे आम्ही सुचवितो. ते घर दोन मुलखांचे होते. सासू बेथलेहेमची आणि सून मवाबी. अशी घरे आता आपल्या मंडळ्यांतून वाढत आहेत. मुले नोकरीनिमित्त परप्रांतात जातात, कोणी दुबईस, कोणी अमेरिकेस जातात, तेथेच लग्ने होतात, आणि नाताळ जवळ आला म्हणजे त्या घरांत एक अडचण उभी राहते. ती कोणी पाळकसाहेबांच्या कानावर घालीत नाही, कारण ती सांगण्याइतकी मोठी वाटत नाही. तरी तिच्यामुळे सणाच्या दिवशी घरातले एखादे माणूस अबोल होऊन बसते.

आमचे घर त्यांपैकीच एक. आम्ही मूळचे अहमदनगरचे. त्या शहराला आता अहिल्यानगर म्हणतात. आमच्या तोंडी अजून नगरच आहे. पोटापाण्यासाठी सुरतेस आलो, त्याला वीस वर्षे होत आली. आमचे कुटुंब बोरसदकडच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातले. तिची भाषा गुजराती, तिच्या वडिलांचे पवित्र शास्त्र गुजराती, तिची भजनेही गुजराती. सुरतेत मराठी माणूस एकटा पडतो असे नाही. ताप्तीकाठच्या रेल्वेने खानदेश ह्या शहराशी जोडला गेलेला आहे, आणि उधना, लिंबायत, पांडेसरा ह्या भागांत फिरताना मराठी सारखी कानी येते. ह्याच मार्गावरचे नवापूर स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. हद्द फलाटावरूनच जाते. आमची आई दर डिसेंबरात त्या फलाटावरून येते आणि “हद्द लागली” असे सांगून शेजारच्या बायकांना खिडकीतून दाखविते.

पहिल्या नाताळास आई आली ती डबाभर करंज्या घेऊन. इकडे कुटुंबाने घूघरे तळून ठेवले होते. आकार तोच, अर्धचंद्राचा. आमच्या घरची करंजी खोबऱ्याची आणि कातणाने कापलेली; घूघऱ्यात भाजलेला रवा व सुका मेवा, आणि कड बोटांनी मुरडून घातलेली. आईने एक उचलून उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “करंजीच हाय की ही. नुसती कड मुरडलीया.” सूनबाई हसून म्हणाली, “आई, हे करंजी नाय. घूघरा.” येथवर गंमत होती. मग शेजाऱ्यांकडे ताटे पाठवायची वेळ आली, आणि वर करंजी ठेवायची की घूघरा, ह्यावर दोघींनी एकमेकींकडे न पाहता दोन वेगळी ताटे भरली.

हे आम्ही हसण्यावारी नेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या उपासनेहून रिक्षातून परतताना आई जे बोलली ते हसण्यावारी नेता आले नाही. उपासना गुजरातीत होती. आई आपले मराठी गीतांचे पुस्तक हातात घेऊन दीड तास बसली होती. ती म्हणाली, “समदे लोक हसतमुख होते. चांगलंच झालं आसंल. पण यंदा मला कुनी सांगितलंच न्हाई, का प्रभू जल्मला.”

पुढल्या वर्षी आम्ही ह्याची भरपाई केली, आणि ती भलतीच झाली. नाताळच्या आदल्या रात्री घरी प्रार्थना ठेवली. गीते मराठी, वचन मराठी, प्रार्थना मराठी. नगरकडची दोन कुटुंबे बोलाविली. आई तृप्त झाली. बोरसदहून सासरे आले होते. त्यांनी आयुष्यभर आपल्या गावच्या मंडळीत वचन सांगितलेले. ते आमच्या बैठकीत पाहुण्यासारखे हात जोडून बसले. त्यांना दोन शब्द बोलण्यास सांगावे हे आम्हांस सुचले नाही. कुटुंब त्या रात्री बहुतेक वेळ स्वयंपाकघरात चहाकडे होती. सर्व निजल्यावर ती म्हणाली, “आईंचा एक नाताळ मुका गेला. माझे आता सगळेच जाणार का?” सासरे पुढल्या उन्हाळ्यात प्रभूकडे गेले. आमच्या घरात त्यांच्या तोंडून प्रार्थना झाली नाही ती नाहीच.

तेव्हापासून रूथचे पुस्तक आम्ही निराळ्या डोळ्यांनी वाचू लागलो. त्यात काय आहे ते पाहू.

बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून अलीमलेख, नामी आणि त्यांचे दोन पुत्र मवाब देशात राहावयास गेले. पोटासाठी परमुलखात गेलेले हे साधे कुटुंब. मुलांनी तेथल्या मुली केल्या. सुमारे दहा वर्षे ते तेथे राहिले असे १:४ मध्ये आहे. त्या दहा वर्षांत त्या घरात कोणाचे सण कसे पाळले, नामी सुनांशी कोणत्या बोलीत बोलत असे, ह्याविषयी शास्त्र एक अक्षर सांगत नाही. पुरुष वारल्यावर नामी परत निघाली आणि रूथ तिच्याबरोबर निघाली. रूथचे ते प्रसिद्ध वचन आपण लग्नसमारंभात वाचतो, पण ते नवऱ्याला उद्देशून नाही, सासूला उद्देशून आहे. माणसे, देव, मरणाची जागा, सारे तिने बदलावयास काढले. नामीने काय बदलले? काही नाही. ती आपल्याच गावी चालली होती. दोन मुलखांच्या घरात सोडण्याचे काम बहुधा सुनेच्याच वाट्यास येते, हे बवाजाच्या लक्षात आले होते. दुसऱ्या अध्यायाच्या ११ व्या वचनात तो तिला तेच बोलून दाखवितो, की तू आईबाप आणि जन्मभूमी सोडून आलीस हे मला कळले आहे. नामीच्या तोंडून तेवढे शब्द निघाल्याचे आम्हांस कोठे आढळले नाही.

उलट १:२१ पाहा. बेथलेहेमच्या वेशीत शिरताच नामी बायांना सांगते की मी भरलेली गेले आणि देवाने मला रिकामी परत आणले. हे ती सांगत असताना रूथ तिच्या शेजारी उभी आहे. नामी दुःखात होती, तिला दोष देण्याचे आमच्या मनात नाही. तरी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वगळून स्वतःला रिकामी म्हणणे ही चूक आम्ही चांगली ओळखतो. मराठी प्रार्थनेच्या त्या रात्री ती आम्ही केली होती. ह्या चुकीची दुरुस्ती पुस्तकाच्या शेवटी गावच्या बायका करतात. ४:१५ मध्ये त्या नामीला सांगतात की ही सून तुला सात पुत्रांहून अधिक आहे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना दाखवावी. बेथलेहेमात येऊन स्थिरावल्यावरही ग्रंथकर्ता रूथला पुन्हा पुन्हा ‘मवाबी’ म्हणतो (१:२२, २:२, २१, ४:५, १०). ती इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली आली, पण तिचे गाव कोणी पुसले नाही. मत्तयानेही प्रभूची वंशावळ लिहिताना तिचे नाव गाळले नाही (मत्तय १:५). दाविदाच्या ज्या नगराकडे योसेफ नावनिशी करण्यास गेला, ते नगर दाविदाचे झाले ते ह्या परक्या सुनेच्या पोटून.

आता दुसरी बाजू. “आमच्याकडे नाताळ असाच असतो” हे वाक्य दोन्ही घरांत फार अधिकाराने बोलले जाते. आमच्या ईश्वरविद्येच्या पदविकेचा थोडा उपयोग करून आम्ही ह्या ‘आमच्याकडे’चा शोध घेतला, आणि आमचा दोन्हीकडचा ताठा बराच उतरला.

मुळात नाताळ हा शब्दच पोर्तुगीज आहे. मराठीत नाताळ, गुजरातीत नाताल. दोन्ही भाषांनी एकाच दारावरून तो उसना आणला. २५ डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानांत कोठे नाही. रोमच्या मंडळीत ती चौथ्या शतकात पाळली जात होती एवढे नक्की सांगता येते. बरे, आपल्याला शुभवर्तमान आणून देणाऱ्यांनी तरी नाताळ आणून दिला काय? नगरला मिशन आले ते अमेरिकन बोर्डाचे. त्याची पहिली माणसे, गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट, १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरली. हा बोर्ड मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या मंडळ्यांतून निघाला, त्यांच्या पूर्वजांनी १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरविला होता आणि तो कायदा १६८१ पर्यंत चालला. तिकडे गुजरातेत सुरतेस आधी लंडन मिशनचे स्किनर व फायवी होते, आणि १८४० नंतर आयर्लंडचे प्रेस्बिटेरियन आले. प्रेस्बिटेरियनांचे मूळ स्कॉटलंडात, आणि स्कॉटलंडात नाताळची सार्वजनिक सुटी झाली ती १९५८ साली! म्हणजे आमच्या आजोळीपाजोळी ज्यांनी बाप्तिस्मा दिला, ते दोन्हीकडचे मिशनरी नाताळाविषयी पिढ्यान् पिढ्या उदासीन असलेल्या परंपरेतून आलेले होते. करंजी त्यांनी शिकविली नाही आणि घूघराही शिकविला नाही. दिवाळीच्या फराळातून तो आपल्या आजीपणजींनी उचलला, कारण आपला प्रभू जन्मला त्या दिवशी चूल थंड ठेवणे त्यांच्या जिवाला पटेना. गीतांचेही तेच. नगरला १९ व्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी मराठी मंडळीच्या तोंडी मराठी चालीची गीते दिली. गुजरातेत टेलरसाहेबांनी, ज्यांनी गुजरातीचे व्याकरणही लिहिले, ‘काव्यार्पण’ ह्या गीतसंग्रहाने तिकडची वाट मोकळी केली. ज्याला आपण वाडवडिलांचा नाताळ म्हणतो, तो वाडवडिलांनी स्वतः जुळवून केलेला आहे. त्यांना तसे करण्याची मोकळीक होती, तर आपल्याला नाही असे कसे म्हणावे?

आमच्या सुरतेचे एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. कतारगाम दरवाज्याच्या बाजूस इंग्रज, डच व आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या जुन्या दफनभूमी आहेत. इंग्रजांची वखार येथे १६१३ च्या सुमारास झाली, डच पाठोपाठ आले. दोघेही प्रोटेस्टंट. पण हॉलंडने सुधारलेली दिनगणना १५८३ मध्येच घेतली, आणि इंग्रजांनी जुनी गणना १७५२ पर्यंत सोडली नाही. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. म्हणजे डचांचा २५ डिसेंबर उलटून दहा दिवस झाले की इंग्रजांचा २५ डिसेंबर उजाडे. आर्मेनियन मंडळी तर प्रभूचा जन्म व बाप्तिस्मा हे दोन्ही ६ जानेवारीस एकत्र पाळते. एका गावात, एका नदीकाठी, एकाच तारणाऱ्याचा जन्म असा वेगवेगळ्या दिवशी. आज ते सर्व एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर पुनरुत्थानाची वाट पाहत निजले आहेत. पौल रोमकरांस लिहितो की कोणी एक दिवस दुसऱ्याहून थोर मानतो, कोणी सर्व सारखे मानतो. जो दिवस पाळतो तो प्रभूसाठी पाळतो (१४:५-६). हे वचन आम्ही त्या थडग्यांपाशी उभे राहून वाचले आहे, आणि ते तेथे जास्त समजते.

येथवर सारे सोपे आहे. फराळ दोन्ही करावा, गीते दोन्ही गावी, झाले. पण नहेम्या तेरावा अध्याय उघडला की पाठ इतका सोपा राहत नाही, आणि शिक्षकांनी तो टाळू नये. नहेम्याला यरुशलेमात असे यहूदी आढळले की ज्यांच्या बायका अश्दोद, अम्मोन व मवाब येथल्या होत्या, आणि त्यांच्या मुलांना यहूदी भाषा बोलता येत नव्हती. तो इतका संतापला की त्याने काहींना मारले व त्यांचे केस उपटले. मवाबी बायका! म्हणजे ज्या देशच्या रूथला सात पुत्रांहून थोर म्हटले, त्याच देशच्या. दोन्ही पुस्तके एकाच पवित्र शास्त्रात आहेत.

केस उपटण्याचे समर्थन आम्ही करीत नाही. पण नहेम्याचे भय पोकळ नव्हते. ज्या भाषेत नियमशास्त्र वाचले जाते ती मुलांना कळली नाही, तर देव त्यांच्यासाठी आजोबांचा देव होऊन राहील. हे भय पुढे १३:२६ मध्ये शलमोनाच्या उदाहरणावरून उघड होते; त्याचा रोख दुसऱ्या देवांच्या भक्तीवर आहे. रूथने त्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच अध्यायात देऊन टाकले होते. आपल्या घरांत देव एकच आहे, तेव्हा तो वाद उरत नाही. भाषेचा मात्र उरतो. आमची मुलगी गुजराती माध्यमात शिकली. गुजराती लिपीला वरची रेघ नाही. मराठी वाचताना ती रेघेखाली अडखळत चाले, आणि एके वर्षी तिने सरळ सांगितले की आजीचे पुस्तक मला वाचता येत नाही. आमच्या आईचा मुका नाताळ आणि मुलीचे हे वाक्य ही एकाच दुखण्याची दोन टोके आहेत असे आम्हांस वाटले.

पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्याने सर्वांना एक भाषा शिकविली नाही. प्रत्येकाने आपापल्या जन्मभाषेत देवाची महत्कृत्ये ऐकली (प्रे. कृत्ये २:८-११). ह्यावरून आमचे मत असे झाले आहे की खाण्यापिण्यात, कंदिलात, उपासना रात्री की पहाटे ह्यात कोणीही कोणालाही सवलत द्यावी, आणि शक्य तर आधी मुलाकडच्यांनी द्यावी, कारण सुनेने अगोदरच पुष्कळ दिलेले असते. पण तारणारा जन्मला ही वार्ता घरातल्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत ऐकू आली पाहिजे. येथे सवलत नाही. काही वाचकांना हे उलटे वाटेल; त्यांच्या घरी भाषेचे काही नाही, पण फराळावरून दोन दिवस अबोला असतो. त्यांनी रोमकरांचा चौदावा अध्याय शेवटपर्यंत वाचावा, त्यात खाण्याविषयीही आहे.

आमच्या घरी आता काय चालते ते सांगतो; नमुना म्हणून नव्हे, विचारतात म्हणून. २४ तारखेच्या रात्री लूकचा दुसरा अध्याय वाचतात. मेंढपाळांपर्यंत कुटुंब गुजरातीत वाचते. देवदूताचे वचन, म्हणजे १० व ११ ही वचने, दोन्ही भाषांत होतात, आणि पुढचे आई मराठीत वाचते. ह्याला वेळ लागतो व लहान मुले पेंगतात. सकाळची उपासना गुजरातीच असते. एका वर्षी मराठी गीत एक तरी घ्यावे अशी विनंती आम्ही केली होती. ती मान्य झाली नाही आणि आम्ही तो विषय सोडला. त्याऐवजी मुलगी आजीच्या शेजारी बसून उपदेश हळू आवाजात मराठीत सांगते. त्यासाठी तिला मराठी शिकावी लागली, आणि आमच्या शिकवणीने जे झाले नाही ते आजीच्या गरजेने झाले. पहिल्या वर्षी ती ‘गभाण’ शब्दाशी अडली. मराठी शब्द तिला आठवेना. आईने विचारले, काय गं? मुलगी म्हणाली, गभाण, जिथे बाळाला ठेवले. “गव्हान म्हन की,” आई म्हणाली, तेही इतक्या मोठ्याने की पुढच्या दोन बाकांनी वळून पाहिले.

ताटांचा प्रश्न सुटलेला नाही. अजून दोन निघतात. सासऱ्यांच्या पवित्र शास्त्रातून मात्र दरवर्षी कुटुंब वाचते, आणि त्या पुस्तकात त्यांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा कोणत्या उपदेशाच्या होत्या हे आता विचारावयास कोणी नाही.

शिक्षकांसाठी थोडे. मोठ्या वर्गाला रूथ १ व नहेम्या १३ एकाच रविवारी द्यावे आणि विचारावे : नहेम्याच्या समोर रूथ उभी राहिली असती तर तो काय म्हणाला असता? घाई करून उत्तर सांगू नये. आमच्या वर्गात एका मुलाने, ज्याची आई डांगची आहे, असे विचारले की रूथला मवाबातली आपली आई पुन्हा भेटली का. शास्त्रात ते नाही, असे आम्हांस सांगावे लागले. लहान वर्गाला सांगावे की घरातल्या सर्वांत वडील माणसाला त्यांचा लहानपणचा नाताळ कोणत्या गावी व कोणत्या भाषेत होत असे ते विचारून या. ज्यांच्या घरी दोन आज्या दोन भाषांच्या आहेत त्यांनी दोघींना विचारावे, आणि एकीचे दुसरीला जाऊन सांगावे.

रूथ २:१४ मध्ये बवाज तिला भाजलेले दाणे देतो. डिसेंबरात सुरतेत पोंक निघतो, कोवळ्या ज्वारीचा. आमची आई त्याला हुरडा म्हणते आणि सुरतकरांना हुरडा खाता येत नाही, ते त्यावर शेव घालतात, अशी तिची तक्रार आहे. ते वचन शिकविताना ओंजळभर वर्गात नेल्यास लहान मुलांना पाठ लक्षात राहतो. शेव घरी ठेवली तरी चालेल.